गारठ्यात सांधे धरतात तेव्हा: पहिल्यांदाच त्रास सुरू झालेल्यांसाठी

चार वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि उजवा गुडघा सरळच होईना. ठाण्यात चरईतली आमची इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दुधाच्या पिशव्या दाराच्या कडीला अडकवलेल्या होत्या. त्या आत घ्यायला मला भिंत धरून जावं लागलं. माझं वय तेव्हा चोपन्न. घरात सासूबाईंना वीस वर्षांपासून संधिवात आहे, त्यामुळे सांधेदुखी मला नवी नव्हती, पण स्वतःच्या पायात ती येते तेव्हा सगळं नव्याने शिकावं लागतं. त्या हिवाळ्यात मी बऱ्याच चुका केल्या. ज्यांचा गुडघा, खांदा किंवा बोटं यंदा पहिल्यांदाच कुरकुरायला लागली आहेत, त्यांच्या त्या चुका टळाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. थंडीने सांधा झिजत नाही. थंडीत आपण उशिरा उठतो, फिरायला जायचं टाळतो, पांघरुणात पाय पोटाशी घेऊन बसतो. त्या बसण्याने सांधा आखडतो आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात. हवा आपल्या हातात नाही, पण सकाळचा पहिला तास आपल्या हातात आहे. तो नीट बसवला की निम्मा दिवस सुधारतो, हा माझा अनुभव.

आधी दुखणं कुठल्या जातीचं ते बघा

शेजारणीला लागू पडलेला उपाय तुम्हाला पडेलच असं नाही, कारण दुखण्याची जातच वेगळी असू शकते. त्यासाठी एक सोपी खूण आहे: सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, ते घड्याळ लावून बघा.

उठल्यावर सांधा धरलेला आहे, पण दहा-वीस मिनिटं घरात वावरलं की मोकळा होतो, जिना उतरताना किंवा संध्याकाळी दमल्यावर जास्त दुखतो, तर बहुधा ती झीज असते. पन्नाशीनंतर गुडघ्यांत हीच जास्त दिसते. ताठरपणा अर्धा तास, तासभर किंवा त्याहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं, मनगटं एकसारखी सुजत असतील, मूठ वळत नसेल, तर तो सूजेचा संधिवात असू शकतो. तो तरुणपणीही होतो. त्यात शेक-तेलावर महिने घालवू नका, कारण औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. आमच्या सासूबाईंची बोटं आज वाकलेली आहेत, त्यात उशिरा सुरू झालेल्या उपचारांचा मोठा वाटा आहे. हे लिहितानाही वाईट वाटतं.

तिसरी जात म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून होणारी, म्हणजे गाउट. रात्री झोपेत अचानक पायाचा अंगठा लालभडक होतो, ठणकतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. याचाही उपचार वेगळा आहे.

हवेचा संबंध खरा आहे का?

घरातली म्हातारी माणसं ‘ढग आले की गुडघे सांगतात’ म्हणतात, त्याला अगदीच आधार नाही असं नाही. मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनमधल्या अडीच हजारांहून जास्त लोकांकडून मोबाइलवर रोजच्या दुखण्याची नोंद करून घेतली. २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षात दमट हवा, हवेचा कमी दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं वाढलेलं दिसलं. फरक फार मोठा नव्हता, आणि नुसत्या तापमानाचा वेगळा असा परिणाम सरासरीत दिसला नाही. गारठ्यात स्नायू आवळतात, सांध्यातलं वंगण काहीसं दाट होतं, बाहेरचा दाब कमी झाला की सुजलेल्या सांध्याभोवतीच्या पेशी किंचित फुगतात, अशी कारणं सांगतात, पण त्यांतलं नेमकं कुठलं यावर अजून एकमत नाही.

आपल्याकडे हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण ठाण्या-नवी मुंबईत थंडी मोजकी आणि दमट हवा भरपूर. जानेवारीत काही पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो आणि त्याच दुपारी तीसच्या आसपास जातो. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला, खारघरमध्ये पहाटेचा गारठा जास्त लागतो. त्यामुळे इथे कपडे एकावर एक, काढता-घालता येतील असे हवेत. गुडघ्यांना सुती-लोकरी पट्टा घातला तरी तो रात्री काढून ठेवा. घट्ट पट्ट्याने पोटरीला सूज येते.

पंधरा दिवस नोंद ठेवा. त्यासाठी वही नको; आमच्याकडे दुधाचा हिशेब कालनिर्णयवर लिहितात, त्याच चौकटीत मी तीन गोष्टी लिहायची: ताठरपणा किती मिनिटं, दुखणं दहापैकी किती, आणि आदल्या दिवशी काय केलं. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की वाईट सकाळींपैकी बऱ्याचशा थंडीच्या नव्हत्याच. आदल्या दिवशी लग्नाला तीन तास उभी होते, किंवा मालिका बघत तीन तास हललेच नव्हते.

पहिला तास

हा तास आदल्या रात्रीच सुरू होतो. पंखा एक-दोनवर ठेवा, पहाटे लागणारी चादर पायाशी तयार ठेवा, पायमोजे घाला. उताणं झोपताना गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण रात्रभर गुडघा वाकलेला राहिला तर हळूहळू तो पूर्ण सरळ होणंच बंद होतं. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी जरूर घ्या.

जाग आल्यावर लगेच उठायचं नाही. पांघरुणातच दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली वीस वेळा हलवा. मग एकेक टाच गादीवरून घसटत पार्श्वभागाकडे आणा आणि परत सरळ करा, प्रत्येकी दहा वेळा. बोटं दुखत असतील तर मूठ वळा-उघडा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकवा.

त्यानंतरचा व्यायाम मला सगळ्यात उपयोगी पडला, म्हणून नीट सांगते. आंघोळीच्या टॉवेलची गुंडाळी करा, साधारण मनगटाएवढी जाड. पाय सरळ ठेवून ती गुडघ्याखाली घाला. आता गुडघ्याच्या मागच्या बाजूने ती गुंडाळी गादीत दाबा. पायाची बोटं स्वतःकडे ओढलेली हवीत. बरोबर जमलं तर मांडीचा वरचा स्नायू कडक होतो आणि गुडघ्याची वाटी किंचित वर सरकते. हात ठेवून बघा, कळतं. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. श्वास रोखू नका. पहिल्या आठवड्यात माझी मांडी थरथरायची, म्हणजे तो स्नायू किती निजला होता ते बघा. नौपाड्यातल्या ज्या फिजिओथेरपिस्टने हे शिकवलं, ती मला म्हणाली, “काकू, रात्री बाथरूमला उठता ना? उठायच्या आधी तेव्हाही दहा वेळा पावलं हलवा.” तेव्हापासून रात्रीच्या पहिल्या पावलाची कळ बरीच कमी झाली.

मग पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसा, एकेक पाय पुढे सरळ करा, आणि मगच उभे राहा. पायात रबरी तळाची चप्पल हवी. जानेवारीतली फरशी सकाळी बर्फासारखी असते, आणि नुसत्या मोज्यांनी पाय घसरतो. कोमट पाण्याची आंघोळ उशिरा करत असाल तर ती लवकर घ्या. सासूबाईंचा ताठरपणा तिनेच सगळ्यात लवकर उतरतो. हातांसाठी त्या कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटं बोटं बुडवून त्यातच उघडझाप करतात.

भाजी चिरणं, कपडे पिळणं, घर पुसणं ही कामं पहिल्या तासात नकोत. ती दहानंतर.

शेक कसा, आणि कधी नाही

ताठरपणाला गरम शेक. पण सांधा लाल, सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल, तर थंड शेक. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

आमच्या घरी शेक ओवा आणि खड्या मिठाचा. जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा घ्यायचा, त्यात मूठभर ओवा आणि दोन मुठी खडेमीठ बांधून पुरचुंडी करायची. तवा मंद आचेवर तापला की पुरचुंडी त्यावर टेकवायची, उचलायची आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. तिथे सोसली तरच गुडघ्यावर. एका जागी दाबून धरायची नाही, फिरवत राहायचं. पंधरा मिनिटं पुरे. मीठ उष्णता धरून ठेवतं, म्हणून तव्यावर पुन्हा फार वेळा टेकवावी लागत नाही. ओव्याच्या वासाने सासूबाईंना बरं वाटतं, आणि तेवढं कारण मला पुरतं. गरम पाण्याची रबरी पिशवीही चालते, पण टॉवेलात गुंडाळून, आणि ती घेऊन झोपू नका.

माझी चूक अशी: दुखण्याचं जेल चोळलं आणि लगेच त्यावर गरम पिशवी ठेवून टीव्ही बघत बसले. रात्री तिथे फोड आले. जेलवर, बामवर शेक घ्यायचा नसतो आणि घट्ट पट्टाही बांधायचा नसतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतही नाही. अशा माणसाच्या पायाला शेक दुसऱ्याने, स्वतःच्या हाताने तपासून द्यावा.

थंड शेकाला फ्रीझरमधली मटारची पिशवी उत्तम. पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नको.

तेलाबद्दल थोडंसं. हलक्या हाताने तेल लावल्याने स्नायू सैल होतात, झोप लागते. पण तेल सांध्यात मुरून झीज भरून निघत नाही, आणि सुजलेल्या सांध्याला जोरजोरात रगडणं तर अपायकारकच. तेल लावून थेट बाथरूममध्ये जाऊ नका. तळपाय पुसा.

चालायचं कुठे, कधी, किती

हिवाळ्यात पहाटे पाचला बाहेर पडायचा हट्ट सोडा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुरकं खाली बसलेलं असतं आणि सांधेही सगळ्यात ताठ असतात. आठच्या पुढे निघा.

जागा सपाट हवी. येऊरची चढण सुंदर आहे, पण गुडघा नवा दुखायला लागलेल्या माणसाने ती पहिले दोन-तीन महिने विसरावी; चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. त्यापेक्षा उपवन तलावाचा काठ, कचराळी तलाव, किंवा गर्दी नसेल तेव्हा तलावपाळी. नवी मुंबईकरांची चैन आहे: नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचा मिनी सीशोर, खारघरचं सेंट्रल पार्क. दर पाच-सात मिनिटांनी बसायला बाक मिळेल अशी वाट निवडा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा.

जास्त झालं का, हे ओळखायची रीत अशी: चालल्यावर दुखणं थोडं वाढलं, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळ जागी आलं, तर चाल योग्य होती. तोवर उतरलं नाही किंवा सांधा सुजला, तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद मात्र करू नका.

चालण्याइतकीच ताकद महत्त्वाची. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, सावकाश, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंची वाढली की जमतं. मी हे भाताची शिट्टी होईपर्यंत करते.

वजन जास्त असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. मला पाच किलो उतरवायला वर्ष लागलं. औषधाच्या गोळीइतकाच त्याचा उपयोग झाला.

घर, जिना, स्टेशन

मांडी घालून बसणं पाप नाही. दुखत नसेल तर बसा. पण उठताना कुणाचा हात लागत असेल, तर पाट-चौरंगाचा मोह सोडून द्या. आम्ही देवघर टेबलाच्या उंचीवर घेतलं. सासूबाई चार दिवस गप्प होत्या, मग खुर्चीवर बसून जप सुरू झाला. नव्या फ्लॅटमधले खोल, मऊ सोफे गुडघ्याचे शत्रू आहेत. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येता कामा नयेत. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची औषधांच्या, सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळते, आणि शेजारी भिंतीत एक पक्का दांडा बसवून घ्या. स्वयंपाकघरात उंच स्टूल. पिळायचे कपडे बादलीत न ठेवता स्टुलावरच्या टबात.

वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथल्या सिडकोच्या जुन्या चारमजली इमारतींत लिफ्ट नाही, आमच्याकडेही नाही. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरायचा. दोन फेऱ्यांची एक फेरी करा. मी पिशवी दोरीने खाली सोडते आणि भाजी वर ओढते. काठी घेत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि सरळ उभं राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. बहुतेकजण ती नेमकी दुखऱ्या पायाच्या बाजूच्याच हातात धरतात. काठीची लाज बाळगू नका.

ठाणे स्टेशनवर पुलाचे जिने टाळता येत असतील तर टाळा. सरकते जिने आणि लिफ्ट कुठे आहेत ते गर्दी नसताना एकदा जाऊन बघून ठेवा. ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली, घणसोली, महापेकडे ऑफिसला जाणाऱ्यांना एसीचा त्रास वेगळाच. थेट झोताखालची जागा बदलून मागा, पायावर शाल टाका, आणि तासातून एकदा पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने उठा.

पावसाळा, आणि ताप असेल तर

जून ते सप्टेंबर दमट हवेने सांधे जड होतात. ओले कपडे, ओले बूट लवकर बदला. पडण्याचा धोका या दिवसांत जास्त: शेवाळलेली गच्ची, सोसायटीच्या आवारातल्या गुळगुळीत लाद्या. चालणं घरातल्या घरात करा, पण चुकवू नका.

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत एक गोष्ट विशेष जपा. ताप आणि सांधेदुखी बरोबरच आली तर ती हवेची समजू नका. चिकनगुनियात सांधे महिनोन् महिने दुखू शकतात. डेंग्यूची शक्यता असताना दुखण्यावरच्या इतर गोळ्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तीही प्रमाणात. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा आजार) शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषधांबद्दल

गुडघा आणि हाताच्या झिजेला डायक्लोफेनॅकचं जेल ही चांगली सुरुवात आहे, कारण त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून रोज घेऊ नका. त्यांनी जठराला जखम होते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते; मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एकही नको. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असतं, दोन्ही मिळून डोस वाढतो.

‘तीन दिवसांत गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या हा माझा सगळ्यात कळकळीचा मुद्दा. अशांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. माझ्या मावशीला अशा पुडीने चमत्कारासारखं बरं वाटलं, आणि सहा महिन्यांत चेहरा सुजला, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली. तुम्ही अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकदम थांबवू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. आमच्याकडे सासूबाईंच्या त्या गोळीचा वार कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे.

खाण्याचं थोडक्यात. बाजरीची भाकरी, तीळ, मेथी-डिंकाचे लाडू थंडीत जरूर खा, पण लाडू दिवसाला एक. त्याने वजन वाढलं तर गुडघ्यावरच येतं. झीज भरून काढण्याच्या नावाने मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांच्या बाजूने पुरावा कमकुवत आहे. ड जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन फारसं कामाचं नाही, सूर्य वर आल्यावरचं, म्हणजे साडेदहा-अकरानंतरचं ऊन लागतं. कोवळ्या उन्हात सांधे शेकायला बसा, ती वेगळी गोष्ट.

डॉक्टरांकडे

एक सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आहे. पायावर भारच टाकता येत नाही. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं. एकच पोटरी सुजून दुखते आहे. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी. ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो आणि बोटं सुजतात, असं काही आठवडे चाललं असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे. बाकी झिजेच्या दुखण्याला अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट. खासगी परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत महापालिकेचं वाशीचं रुग्णालय. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, बरोबर कुणाला तरी न्या, कारण रांगेत उभं राहणं हेच गुडघ्याला जड जातं.

जाताना जुने एक्स-रे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ते कालनिर्णयचं पान फाडून न्या. गुडघ्याच्या वर सहज सरकेल असा कपडा घाला. आणि तिथल्या बाकावर ताटकळत बसाल तेव्हा, पाय पुढे करून पावलं वर-खाली, वीस वेळा.